तंत्रज्ञान आणि नीती शिकवायची, तर सुरुवात वर्गाच्या ग्रुपपासून

जून उजाडला की स्टाफरूममध्ये विषयांची वाटणी होते आणि मूल्यशिक्षणाच्या टोपलीतला दोन श्रेयांकांचा एक पेपर कुणाच्या तरी वाट्याला येतो. त्याचे नाव 'तंत्रज्ञान आणि नीती' किंवा त्याच वळणाचे काहीतरी असते. तत्त्वज्ञानवाले म्हणतात, हे आयटीचे काम. आयटीवाले म्हणतात, आम्हाला कांट कुठे येतो? शेवटी ज्याचा वर्कलोड भरत नाही त्याच्या गळ्यात तो पडतो. हाताशी तीस तास, एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुले आणि एक प्रोजेक्टर, तोही आधी नाव नोंदवून मिळणारा. हा लेख त्या प्राध्यापकासाठी आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातली महाविद्यालये आणि तिथे येणारी मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. इतरांनी आपापल्या गावची नावे घालून वाचावे.

इंटरनेटवर या विषयाच्या तयार स्लाइड्स ढिगाने मिळतात. त्या बहुधा चालकाविना धावणाऱ्या गाडीपासून सुरू होतात: ब्रेक निकामी झाला, आता म्हातारीला उडवायचे की लहान मुलाला? एमआयटीने २०१६ मध्ये याच प्रश्नावर 'मॉरल मशीन' नावाचे संकेतस्थळ काढले आणि जगभरातून उत्तरे गोळा केली. खेळ चांगला आहे, एखाद्या पावसाळी दुपारी जरूर खेळवा. पण सुरुवात त्याने करू नका. मुलांचा असा समज होतो की नीती म्हणजे परदेशातल्या गाडीने कुणाला मारायचे याचा निकाल, आपला काही संबंध नाही. लालबागच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या मुलाला हा प्रश्न फार लांबचा वाटतो, आणि त्याचे बरोबरच आहे.

सुरुवात करा ती ज्या साधनांनी तुम्ही हा विषय शिकवणार आहात त्यांच्यापासून. पहिल्या तासाला सीआर उठतो, व्हॉट्सअॅप ग्रुप बनवतो, लिंक फिरते, आणि संध्याकाळपर्यंत सव्वाशे जणांचे मोबाइल नंबर सव्वाशे जणांच्या हातात पडतात. रात्री साडेदहाला एखाद्या मुलीला अनोळखी नंबरावरून 'हाय, सेम क्लास' येते. ग्रुप सोडला तर परीक्षेची सूचना चुकते. नाही सोडला तर हे चालूच राहते. तिने ग्रुपमध्ये येताना 'जॉइन' दाबले होते, म्हणजे संमती दिलीच होती ना? ज्या संमतीला नाही म्हणताच येत नाही तिला संमती म्हणायचे का, हा या पेपरातला सगळ्यात मोठा प्रश्न. तो पहिल्याच दिवशी, एकही स्लाइड न दाखवता, वर्गात उभा राहतो.

मग फळ्यावर चार रकाने आखा: काय घेतले, कशासाठी घेतले, कोण बघते, कधी पुसले जाणार. मुलांना सांगा की प्रवेशापासून आजपर्यंत महाविद्यालयाने तुमच्याकडून जे जे घेतले ते सगळे यात भरा. आधार क्रमांक, जातीचा दाखला, वडिलांचे उत्पन्न, आईचा मोबाइल, लायब्ररीतला अंगठा, हजेरीचा क्यूआर कोड, सांस्कृतिक विभागाने टी-शर्टच्या मापासाठी भरून घेतलेला गूगल फॉर्म, ज्यात जन्मतारीखही होती. पहिले दोन रकाने पटापट भरतात. तिसऱ्यात वाद होतो. चौथा कोराच राहतो, आणि तो कोरा राहिलेला मुलांना दिसला पाहिजे. ऑफिसच्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनाही हा रकाना कुणी कधी विचारलेला नसतो.

याच्या पाठोपाठ कायदा सांगितला तर तो डोक्यात राहतो. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्या कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तुमच्या एफवायच्या वर्गात जूनमध्ये सतरा वर्षांचे किती जण बसले आहेत, हे हात वर करायला सांगून मोजा. वर्ग स्वतःहून हसायचा थांबतो.

आता दुरुस्ती, तीही मुलांसमोर करायची. सूचनांसाठी व्हॉट्सअॅपची कम्युनिटी काढली तर तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अॅडमिनला दिसतात. मात्र त्याच कम्युनिटीत जोडलेल्या बाकीच्या ग्रुपांत ते दिसतातच, ही मेख लक्षात ठेवा. महाविद्यालयाचा ईमेल मिळत असेल तर गूगल क्लासरूम अधिक बरे. फॉर्ममधले जे खाने लागत नाहीत ते काढा. कुठे ऑनलाइन तास घ्यावा लागलाच तर कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नका. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. तिथे मुलगा अभ्यासाला बसला की त्याच्या मागे आजी झोपलेली असते, बहीण केस विंचरत असते, आई भाजी निवडत असते. कॅमेरा सुरू करा म्हणणे म्हणजे त्या सगळ्यांना न विचारता वर्गात आणून बसवणे. तासाचे रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी सांगा, किती दिवस ठेवणार तेही सांगा आणि त्या दिवशी खरोखर पुसा. एवढे केलेत की मुले तुमचे बाकीचे म्हणणे ऐकून घेतील.

आता प्रकरणे. त्यांची निवड करताना मी दोन कसोट्या लावतो. मूळ कागद इंटरनेटवर फुकट वाचायला मिळाला पाहिजे, आणि प्रकरणाचे एक टोक तरी मुलांच्या घरापर्यंत किंवा पायी जाता येईल अशा जागेपर्यंत पोहोचले पाहिजे.

अल्गोरिदम शिकवायला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासारखे उदाहरण नाही. मुंबईत तो २००९ पासून आहे आणि तुमच्या वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण त्यातून गेला आहे. पसंतीक्रम भरा, गुण घाला, यादी लागेल. यंत्र कुणाला ओळखत नाही, म्हणून ते निःपक्षपाती, असे आपण म्हणतो. मग मुलांना विचारा, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद, हा नियम यंत्राने केला का? त्या नियमामुळे किती जणांनी आपली खरी पहिली पसंती खाली सरकवली? कोणाच्या घरी हे गणित समजावून सांगणारे कुणी होते आणि कोण सायबर कॅफेवाल्याने सुचवले तसे भरून मोकळे झाले? या प्रश्नावर वर्ग अर्धा तास बोलतो, मागच्या बाकावरचेसुद्धा. २००९ मध्येच एसएससीच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा सरकारचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला होता. न्यायालयापुढचा वाद होता तो यंत्रात घालायच्या नियमांचा. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा १९६२ चा निबंध आहे. महाविद्यालये आणि विद्यार्थी यांच्या जोड्या अशा कशा लावाव्यात की ठरलेल्या जोड्या सोडून एकमेकांकडे जावेसे कोणत्याही विद्यार्थ्याला आणि महाविद्यालयाला वाटू नये, या विचाराचा उगम तिथला. तो जेमतेम काही पानांचा आहे आणि त्यात भीतीदायक गणित नाही. शॅप्ली यांना या कामासाठी २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

याला जोडून मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे प्रकरण घ्या. सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षांचे निकाल. प्राध्यापकांची तयारी झालेली नव्हती, यंत्रणा अडखळत होती, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी जाणाऱ्यांचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. आजच्या मुलांना हे माहीत नाही, पण स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी ते अंगावर काढले आहे. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला वीस मिनिटांसाठी वर्गात बोलवा. हेतू चांगला होता: गठ्ठे हरवू नयेत, गुणांत फेरफार होऊ नये. चांगल्या हेतूने आणलेले यंत्र घाईने लावले तर जबाबदार कोण? निर्णय घेणारा, यंत्रणा पुरवणारा, की 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून घरी जाणारा तपासनीस? वर्तमानपत्रांतल्या त्या दिवसांच्या बातम्या शोधणे हे काम मुलांनाच द्या. काही दुवे मेलेले निघतील. तेव्हा इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन वापरून जुने पान कसे काढायचे ते शिकवा. सापडलेले पान तिथे जतन करून ठेवायची सवयही लावा, पुढच्या वर्षीच्या मुलांना ते लागेल.

गिरणगावात बसून तंत्रज्ञानाचा विषय शिकवताना गिरणीचे नाव न काढणे मला अशक्य वाटते. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्याआधी सूर्य मावळला की काम थांबे. दिवे आल्यावर कामाचा दिवस काही ठिकाणी पंधरा तासांपर्यंत लांबला. दिव्यात वाईट काय होते? काहीच नाही. पण पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्यात यायला १९११ साल उजाडले. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप पेटला त्यामागे एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत ही योजना होती. तीच गोष्ट आज डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या अॅपमध्ये दिसते. तुमच्या वर्गातले दोघे-तिघे संध्याकाळी तेच काम करतात, त्यांना विचारा. ऑर्डर कोण देते, नाकारली तर काय होते, रेटिंग कशाने घसरते, तक्रार कुणाकडे करायची. मुकादमाला निदान चेहरा होता, असे त्यातला एखादा म्हणेल, आणि मग संदर्भासाठी परदेशी पुस्तक लागणार नाही.

या भागासाठी कागद भरपूर आहेत. एशियाटिक सोसायटीने आपल्या जुन्या ग्रंथांचा आणि नियतकालिकांचा मोठा साठा 'ग्रंथ संजीवनी' या संकेतस्थळावर ठेवला आहे. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे मुलांना एकदा तरी पाठवा. सगळे काही मोबाइलवर असते हा समज तिथे गेल्यावर सुटतो. घरात गिरणीत काम केलेले आजोबा असतील तर त्यांच्याशी बोलून दोन पानी टिपण आणायला सांगा. पण अटी दोन: आवाज रेकॉर्ड करण्याआधी विचारायचे आणि टिपण वर्गात वाचण्याआधी आजोबांना वाचून दाखवायचे. १९८२ च्या संपाबद्दल बोलताना काही जण अर्ध्यात थांबतात. तिथे थांबू द्यावे.

अभिव्यक्तीच्या भागाला हात घालताना हा पट्टा जरा नाजूक आहे, हे ओळखून असा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली, एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते लाइक केले होते. त्यातून दिल्लीतल्या श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. तुमच्या वर्गात शिवसेनेच्या शाखेत वाढलेली मुले असतील, त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून पार्कात गेलेलीही असतील. म्हणून नेत्यापासून सुरुवात करू नका, कलमाच्या मजकुरापासून करा. 'त्रासदायक' आणि 'गैरसोयीचे' या शब्दांत काय काय बसते याची यादी मुलांकडून करवून घ्या. सरांनी गृहपाठ द्यावा हेही त्यात बसते असे कुणीतरी म्हणतेच. मग निकाल उघडा. इंडियन कानून या संकेतस्थळावर तो पूर्ण आहे. सगळा वाचायचा नाही, फार लांब आहे. चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत न्यायालयाने केलेला फरक जिथे आहे तेवढेच परिच्छेद छापून आणा. मराठीतून शिकलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. त्यासाठी न्यायालय २०१९ पासून 'सुवास' नावाची यंत्राधारित अनुवादप्रणाली वापरते. अनुवादाचे एक पान आणि मूळ पान शेजारी ठेवून मुलांनी ताडून पाहिले तर आणखी एक धडा आपोआप होतो. आणि रद्द झालेल्या या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात होते, ही गोष्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, हेही सांगायला विसरू नका.

या प्रकरणात राज्याने बोलणाऱ्याला पकडले. दुसऱ्या बाजूला राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. जमावाने त्यांना ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीची होती, शेवट कापलेली. त्या शेवटी मोटारसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो. त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एकावेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. इथे एक कडक सूचना: राईनपाड्याचे व्हिडिओ वर्गात दाखवू नका आणि शोधायलाही सांगू नका. मेलेल्यांची अप्रतिष्ठा पुन्हा होते आणि वर्गात भटक्या जमातींतली मुले बसलेली असू शकतात. बातमी वाचा, जाहिरातीचा कापलेला शेवट तोंडी सांगा, आणि मग फॉरवर्ड करणाऱ्याने प्रत्यक्षात काय केले असे तुम्हाला वाटते ते लिहून मागा. नावे न लिहिता. काही मुले आपल्याच घरच्या फॅमिली ग्रुपबद्दल लिहितात.

बनावट चित्रफितींसाठी लांब जायला नको. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची शिफारस करतो आहे असा व्हिडिओ फिरला. तो आपला नाही हे त्याने स्वतः जाहीर केले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शिवाजी पार्कच्या पोराचा आवाज ओळखण्यात आपण चुकणार नाही असे दादरकरांना वाटते. म्हणूनच हे उदाहरण चालते.

परळला केईएम आहे, तेव्हा वैद्यकीय तंत्रज्ञान टाळू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि त्यामागे मुंबईतल्या कार्यकर्त्यांची मोहीम होती. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. पुढे साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टना अशा जाहिराती शोधात दाखवू नका असे बजावले. यंत्र तेच, सोनोग्राफीचे. जीव वाचवते आणि मुली संपवतेही. तंत्रज्ञान तटस्थ असते असे म्हणणाऱ्यांना आणि ते तसे नसते म्हणणाऱ्यांनाही याच प्रकरणावर बोलायला लावा. एक तास पुरत नाही, दोन ठेवा.

चॅटजीपीटी आणि तत्सम साधनांवर बंदी घालण्यात अर्थ नाही, कारण बंदी तपासता येत नाही. लेखन कुणाचे हे ओळखणारी म्हणून जी साधने मिळतात त्यांच्या भरवशावर कुणाचेही गुण कापू नका. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही अशांच्या लिखाणावर ती अन्याय करतात, असे दिसून आले आहे. त्यापेक्षा असे करा: लोखंडे, १९२८ चा संप किंवा कलम ६६ अ यावर त्या साधनाला प्रश्न विचारायला सांगा, उत्तर छापून आणायला सांगा आणि मूळ कागदाशी ताडून समासात लाल पेनाने दुरुस्त्या करायला सांगा. गुण दुरुस्त्यांना. हे काम हाताने लिहिलेले असते आणि नक्कल करणाऱ्यालाही मूळ कागद उघडावाच लागतो.

खर्चाचे एक बोलून टाकू. अनेक मुलांचा इंटरनेट म्हणजे रोजचा दीड जीबी आणि तो घरातल्या धाकट्याबरोबर वाटून घेतलेला. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ 'घरी बघून या' म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी मजकूर द्या, चार पानी पीडीएफ द्या, आणि व्हिडिओ हवाच असेल तर वर्गात सगळ्यांनी मिळून पहा. स्वयम् वरचे अभ्यासक्रम पूरक म्हणून चांगले आहेत, पण बरेचसे इंग्रजीत आणि दूरचे. ते तुमच्या तासाची जागा घेऊ शकत नाहीत.

मूल्यमापनात लेखी आणि तोंडी असे दोन्ही ठेवा. तोंडीला प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर शंभर मुलांना आठ तासांहून अधिक लागतात, ते कुणाला शक्य नाही. पाचाचे गट करा, गटाला बारा मिनिटे, म्हणजे चार तासांत आटोपते. प्रत्येक गटाला त्यांच्याच प्रकल्पावरचे प्रश्न विचारा: हा दुवा तुम्ही कधी उघडला, मूळ कागदात हे कुठे आहे, ज्यांचे शब्द वापरले त्यांना विचारले होते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गटातल्या सर्वांत गप्प बसलेल्या मुलाला द्यायला सांगा आणि गटाचे गुण त्याच्या उत्तरावर ठेवा, हे आधीच जाहीर करून. तोंडी संपल्याच्या दिवशी जमा झालेल्या आजोबांच्या टिपणांच्या प्रती ज्यांच्या त्यांना परत द्या. आपल्याकडे गुणांची यादी तेवढी पुरते.